पोपटाचा प

माझ्या नातीने, जुईने, पोपटाचं चित्र बघून ‘प’ लिहिला आणि तिचा एक मार्क गेला. चिंचेला ‘च’ लिहिला, दुसरा गेला. डाळिंबाला ‘ड’, घुबडाला ‘घ’, सशाला ‘स’, असं करत करत दहापैकी नऊ गेले. एक तेवढा बदकाने वाचवला, कारण बदकाला हिंदीत बतख म्हणतात आणि ‘ब’ दोन्हीकडे सारखाच. हा पेपर घरी आला तेव्हा मी, विश्वनाथ हरकरे, वय अडुसष्ट, निवृत्त सीनियर ड्राफ्ट्समन, दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून म्हणालो की पोरीला दहापैकी दहा आहेत. पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वासंतीला सांगावं लागणार नाही. वासंती म्हणजे आमची बायको. तिला हे वाक्य आता पाठ झालंय.

खरी सुरुवात जुलैतच झाली होती. जुई साडेपाच वर्षांची, केजी टूमध्ये. तिच्या डायरीत कांचन मॅडमची चिठ्ठी आली की घरी अक्षरओळखीचा सराव करून घ्यावा. माझा मुलगा मयूर बँकेत आहे आणि सून सुप्रिया इथे भोपाळमध्येच अरेरा कॉलनीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे. दोघांनाही बसून जेवायला वेळ नाही, तर अक्षरं कुठून शिकवणार? म्हणून ट्यूशनचा विषय निघाला. ट्यूशन हा शब्द ऐकला आणि माझं टाळकंच फिरलं. पस्तीस वर्षं मी पिपलानीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात अक्षरं काढली. माझ्या हातची अक्षरं बघून नवे इंजिनियर विचारायचे की स्टेन्सिल कुठून आणलं. त्या माणसाच्या नातीला ‘अ’ ओळखायला गल्लीतल्या ट्यूशनला पाठवायचं? वासंती म्हणाली, तुम्ही नका यात पडू, तुमचं कुठलंही काम मापात राहत नाही. मी लक्ष दिलं नाही.

माझा आणखी एक स्वार्थ होता, तोही सांगून टाकतो. जुईला शाळेतून आणायचं काम माझं. ती स्कूटरवर पुढे उभी राहते आणि शाळेच्या फाटकापासून आमच्या बाग सेवनियाच्या कॉलनीपर्यंत एकसारखी बोलते. कोणाचा डबा सांडला, कोण रडलं, तिच्या मैत्रिणीने, केतकीने, कोणाशी कट्टी केली. मयूर आणि सुप्रिया घरात अर्धी हिंदी मिसळून बोलतात. ‘बाबा, मी गाडी लगाके येतो’ हे आमच्या चिरंजीवांचं मराठी. सबंध मराठीत बोलणारी आम्ही तीनच माणसं: मी, वासंती आणि जुई. त्यातल्या वासंतीकडे आणि माझ्याकडे एकमेकांना सांगायला गॅसचा नंबर आणि रक्तदाबाच्या गोळ्या एवढंच उरलंय. तेव्हा माझ्याशी खऱ्या अर्थाने बोलणारं माणूस एकच, आणि ते स्कूटरवर पुढे उभं राहतं. ही पोर एकदा वाचायला लागली की तिच्याशी बोलायला मला आयुष्यभर पुरेल, असा माझा हिशेब होता.

पहिल्यांदा मी कार्डं केली. पुठ्ठा कापून, शाईने रेघा आखून, रीतसर. प पोपटाचा, च चिंचेचा, ड डाळिंबाचा. ‘ल’ काढताना मात्र मी थबकलो. आपला ल पाकळ्यांचा, श देठाचा. हिंदीवाले ल काठीचा काढतात आणि श सुद्धा वेगळा. मी पाकळीचा काढला. ड्राफ्ट्समनने ड्रॉइंगशी तडजोड करायची नसते. आणि ‘ळ’! हिंदीच्या वर्णमालेत तो नाहीच. बाळ, फळ, कमळ, सकाळ, एवढं ज्याच्यावाचून अडतं तो ळ ज्या तक्त्यात नाही तो तक्ता मी घरात लावणार नव्हतो. भोपाळमध्ये राहायचं आणि ळ शिकायचा नाही, हे काही मला पटेना.

कार्डांचा जुईला चार दिवसांत कंटाळा आला. मग मला जिना दिसला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि खालून आमच्या दारापर्यंत बरोबर छत्तीस पायऱ्या आहेत. क पासून ज्ञ पर्यंत, ळ धरून, अक्षरंही छत्तीस. मी तीनदा मोजली. ही देवाचीच योजना आहे असं म्हणून मी एका रविवारी सकाळी लाल एनॅमल पेंट घेतला आणि प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूवर एकेक अक्षर रंगवलं. दुपारी दोनपर्यंत काम संपलं, माझी कंबर संपली, आणि जुई खालून वर ओरडत येऊ लागली. क, ख, ग, घ. चौतिसाव्या पायरीवर ळ आला की ती आधी थांबायची, जीभ वळवून घ्यायची आणि मग जोरात म्हणायची. पाच दिवसांत पोरीला छत्तीसच्या छत्तीस अक्षरं आली. पुढच्या सगळ्या भानगडीत ही गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही.

भानगड सुरू झाली ती तिसऱ्या मजल्यावरून. तिथे इंदुमतीबाई राहतात. मूळच्या ग्वाल्हेरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, बोलणं दरबारी. सोमवारी सकाळी त्या खाली उतरायला निघाल्या आणि आमच्या दाराशी येऊन थांबल्या. म्हणाल्या, विश्वनाथराव, अक्षर म्हणजे साक्षात सरस्वती, तिच्यावर पाय ठेवून मी भाजी आणायला जाऊ? मी समजावलं की अक्षर उभ्या बाजूवर आहे, पाय आडव्या बाजूवर पडतो, दोन्ही पातळ्या काटकोनात आहेत. त्यांना काटकोन मान्य नव्हता. चढताना बोट लागतं म्हणाल्या. मग त्यांनी त्यांच्या परीने मार्ग काढला. प्रत्येक पायरीला वाकून नमस्कार करायचा आणि मगच पुढची चढायची. छत्तीस नमस्कार उतरताना, छत्तीस चढताना. मागे दूधवाला, त्याच्या मागे सिलेंडरवाला, त्याच्या मागे ऑफिसला निघालेलं कुटुंब, आणि सगळ्यांच्या पुढे इंदुमतीबाई ‘झ’ला नमस्कार करताहेत. चौथ्या दिवशी त्या ‘ठ’ पाशी बसल्या त्या उठेचनात. गुडघा धरला होता. मी आणि सिलेंडरवाल्याने मिळून त्यांना वर पोहोचवलं.

सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरींना नमस्कारांशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न असा की सामायिक जागेत विनापरवानगी रंगकाम का केलं, आणि दुसरं म्हणजे चौतिसाव्या पायरीवर तो चष्मा कशाचा काढलाय. मी सांगितलं की तो ळ आहे. सभेत तेवीस माणसं होती, त्यांतल्या एकवीस जणांनी तो पहिल्यांदा पाहिला होता. एका गृहस्थांना त्यात कुठल्यातरी पंथाचं चिन्ह दिसलं. दुसऱ्यांनी विचारलं की मग हिंदी तक्त्यातला ‘त्र’ कुठे गेला. ठराव झाला की हरकरे यांनी आठ दिवसांत जिना पूर्ववत करावा. एनॅमल पेंट थिनरशिवाय निघत नाही आणि थिनरने नीट निघत नाही. आठ दिवस बिल्डिंगभर वास, आणि शेवटी अक्षरं अर्धवट उरली ती उरलीच. ‘क’चं पोट गेलं, ‘म’ची काठी तेवढी राहिली. वासंती म्हणाली, आता तरी थांबा. मी थांबणार होतोही. पण सप्टेंबरात तो दहापैकी एकचा पेपर आला.

आता तुम्हीच सांगा. चित्र पोपटाचं. लिहायला सांगितलंय, चित्र बघून पहिलं अक्षर लिहा. पोरीने प लिहिला. सुरेख, गोल, रेघेत बसवलेला प. त्यावर लाल फुली आणि शेजारी ‘त से तोता’. पोर चुकली कुठे? तिने चित्र ओळखलं, शब्द आठवला, शब्दातलं पहिलं अक्षर ओळखलं, ते लिहिलं. शिकणं याहून वेगळं काय असतं? सुप्रिया मूळची इंदूरची, शांत स्वभावाची. ती एवढंच म्हणाली, बाबा, शाळा हिंदीतून विचारते, घरी दोन महिने हिंदी कार्डं घेऊ या. हे तेव्हा ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आज सुखी असतो.

मी ऐकलं नाही, कारण मी मनोहरला विचारलं. मनोहर माझा ड्रॉइंग ऑफिसातला जोडीदार, अजून पिपलानीकडेच राहतो. क्वार्टरच्या एका खिडकीच्या चौकटीसाठी तो अकरा वर्षं अर्ज करत होता. चौकट मिळाली तेव्हा त्याची रिटायरमेंट दीड महिन्यावर आली होती, पण मिळाली, हे महत्त्वाचं. तो म्हणाला, तोंडी बोलू नकोस, लेखी दे, सोबत परिशिष्ट जोड. मी सहा पानांचं टिपण केलं. पहिल्या पानावर प्रश्न, दुसऱ्यावर जुईची उत्तरं आणि त्यांचं समर्थन, तिसऱ्या-चौथ्यावर पाकळीचा ल आणि काठीचा ल यांची तुलनात्मक आकृती, मापांसकट, पाचव्यावर ळ. सहाव्यावर नुसती सही होती, पण पान वेगळं असलं की वजन येतं असं मनोहरचं मत.

हे टिपण शाळेत पोचवायला मला तीन खेपा पडल्या. शाळेच्या फाटकावरच्या गार्डने माझं कार्ड बघितलं आणि सांगितलं की हे मूल नेण्याचं कार्ड आहे. याच्यावर मूल बाहेर येऊ शकतं, मी आत जाऊ शकत नाही. आत जायला आईबापांचं कार्ड लागतं. मी विचारलं, आजोबांसाठी आत जायचं कार्ड कुठे मिळतं? तो म्हणाला, आत. दुसऱ्या खेपेला मयूरचं कार्ड नेलं तर त्याच्यावर मयूरचा फोटो. तिसऱ्या खेपेला ऊन फार होतं म्हणून त्या भल्या माणसाला दया आली. त्याने मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि कांचन मॅडमनाच फाटकापाशी बोलावून आणलं. पस्तीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय ड्रॉइंग खाली वर्कशॉपमध्ये जात नसे, तो माणूस गार्डच्या खुर्चीत बसून केजीच्या बाईंची वाट बघत होता.

कांचन मॅडम जेमतेम सव्वीस-सत्तावीसच्या असतील. वर्गात अडतीस मुलं, हातावर स्केचपेनचे डाग. त्यांनी सहाही पानं उभ्याउभ्या वाचली. ळ वर बोट ठेवून विचारलं की अंकल, हे बोलायचं कसं. मी म्हणून दाखवलं. त्यांनी चार वेळा प्रयत्न केला, दर वेळी ‘ड़’ आला, मग स्वतःच हसल्या. म्हणाल्या, जुई हुशार आहे, मला माहीत आहे, पण उद्या पहिलीच्या बाई तिला तोता वाचायला सांगतील, तेव्हा मी तिथे नसेन. मी या प्रत्येक उत्तराला अर्धा मार्क देते, चालेल? आता अर्धा मार्क घेऊन घरी यायचं की नाही? पण नाही. अर्धा म्हणजे चूक कबूल केल्यासारखं. मी म्हटलं, उत्तर बरोबर असेल तर पूर्ण मार्क द्या, चूक असेल तर शून्य द्या, भीक नको. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, मग हे माझ्या हातात नाही, प्रिन्सिपलकडे पाठवते.

प्रकरण वर गेलं. वर गेलेलं प्रकरण कधी लहान होऊन खाली येत नाही, हे मला नोकरीत कळायला हवं होतं. नोव्हेंबरात बोलावणं आलं: पालकांनी मुलीसह भेटावं, आजोबांनाही आणावं. मयूरने अर्धी रजा टाकली आणि गाडीत माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. सुप्रिया खिडकीबाहेर बघत होती. मी मात्र खुशीत होतो. आदल्या आठवडाभर मी जुईची तयारी करून घेतली होती. सुप्रिया तिच्याकडून हिंदी कार्डं म्हणवून घ्यायची, मी संध्याकाळी मराठी कार्डं घ्यायचो. तिकडून त, इकडून प. तिकडून ख, इकडून स. मला वाटायचं, दोन्ही येतील, बिघडलं कुठे?

प्रिन्सिपल बाई चांगल्या होत्या. आवाज चढवला नाही, जुईला जवळ खुर्ची दिली, टॉफी दिली. मग पोपटाचं कार्ड समोर धरलं आणि हिंदीत विचारलं की हे काय आहे. जुईने कार्डाकडे बघितलंच नाही. तिने कांचन मॅडमकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली, बोल म्हणून. तिला ती मान कशाची ते कळेना. ती खुर्चीतून उतरून माझ्यापाशी आली आणि कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली,

“आबा, इथे कोणतं म्हणायचं? तू रागावणार नाहीस ना?”

बाईंनी आणखी सात-आठ कार्डं दाखवली. पोर एकाही कार्डाला काही बोलली नाही. बदकालासुद्धा नाही. छत्तीस पायऱ्या ओरडत चढणारी माझी नात टॉफी मुठीत धरून खाली बघत उभी होती, आणि टेबलावर माझं सहा पानांचं टिपण पडलेलं होतं. मला त्या वेळी ते टिपण उचलून खिशात घालावंसं वाटलं, पण तेवढंही धाडस झालं नाही.

बाईंनी लिहून दिलं की मूल अक्षर ओळखताना घाबरतं, तज्ज्ञांना दाखवावं, आणि मार्चपर्यंत सुधारणा नसेल तर केजी टूमध्येच आणखी एक वर्ष ठेवावं लागेल. केतकी पहिलीत जाणार आणि जुई मागे राहणार. बातमी बिल्डिंगमध्ये आमच्या आधी पोचली. इंदुमतीबाई गुडघा सांभाळत खाली आल्या आणि जिभेवर वेखंड घासायला सांगून गेल्या. सेक्रेटरींनी जिन्यातला थिनरचा वास मुलांच्या डोक्यात जातो असं कुठेतरी वाचलं होतं. मनोहरचा फोन आला की वरच्या ऑफिसला अपील कर, परिशिष्टाची प्रत आहे ना? मी पहिल्यांदाच त्याचा फोन मधेच ठेवला.

काउन्सेलर बाईंनी जुईशी तासभर ठोकळे खेळून निदान केलं की मुलीत काही दोष नाही, डोकं तल्लख आहे. पण कुठलंही उत्तर दिलं तरी कोणीतरी नाराज होतं हे तिच्या मनाने घेतलंय. काही महिने घरी आणि शाळेत एकच भाषा ठेवा म्हणाल्या. शाळेची. आता, मुलांना दोन भाषांनी काही होत नाही, आमच्या तीन पिढ्या दोन-दोन भाषांत वाढल्या, यावर मी अर्धा तास बोलू शकलो असतो. बोललो नाही. बोलण्याचा हक्क मी त्या प्रिन्सिपलच्या खोलीत घालवून बसलो होतो.

त्या संध्याकाळी सुप्रिया माझ्यासमोर येऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. “बाबा, मला हे आवडत नाहीये,” ती म्हणाली. “मी तिच्याशी मराठीतच बोलत आलेय, ती पोटात होती तेव्हापासून. पण मार्चपर्यंत तुम्ही सुद्धा तिच्याशी हिंदीतच बोला. माझ्यासाठी.” एवढं म्हणून ती रडायला लागली. मी हो म्हटलं. वासंती आत पोळ्या करत होती. तिने लाटणं थांबवलं नाही, पण ऐकत होती हे मला माहीत आहे.

आता माझी हिंदी. ती उत्तम आहे, जन्म भोपाळचा आहे माझा. पण ती कारखान्यातली आहे. मशीनच्या आवाजावर ओरडायची, नाहीतर फाइलवर लिहायची. लहान पोरीला जवळ घेऊन बोलायची हिंदी मला कधी लागलीच नव्हती. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो, “बेटा, आपका गृहकार्य पूर्ण हो गया क्या?” ती खो खो हसली. तिला वाटलं आबा खेळ करतोय. दुसऱ्या दिवशीही तिने तो खेळ धरला आणि स्कूटरवर मराठीत बोलत राहिली, मी ठरल्याप्रमाणे हिंदीत ‘अच्छा’ आणि ‘बहुत बढ़िया’ करत राहिलो. तिसऱ्या दिवशी सिग्नलला तिने मान मागे वळवून विचारलं, “आबा, तू असं का बोलतोस? माझ्यावर चिडलास?”

मी म्हटलं, नहीं बेटा.

ती पुढे बघायला लागली. घरापर्यंत काही बोलली नाही. त्या रात्री जेवताना मला घास जाईना. वासंतीने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भात परत भांड्यात ओतला. तीसुद्धा दिवसभर ‘इधर आ बिटिया’ करत होती. तिला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. ती दर वेळी बोलून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी घासत बसायची, स्वच्छ भांडीसुद्धा.

आणि सांगायला त्रास होतो, पण त्याचा उपयोग झाला. डिसेंबर संपेपर्यंत पोरीची भीती गेली. कार्डं वासंतीने माळ्यावर टाकली होती, नवी आली होती, त से तोता, इ से इमली. जानेवारीत ती अक्षरं जोडायला लागली. फेब्रुवारीत तर होशंगाबाद रोडवर मला स्कूटर हळू चालवावी लागायची, कारण तिला प्रत्येक पाटी वाचायची असे. चाय. टायर. पंचर. मकान किराये से देना है. एक पाटी सुटली की मागे वळवायला लावायची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. त्या पाट्यांमधल्या ल कडे मी बघायचो आणि स्कूटर पुढे काढायचो. काठीचा तर काठीचा. पोर वाचत होती.

मार्चच्या शेवटी निकाल लागला. हिंदीत पन्नासपैकी सत्तेचाळीस. कांचन मॅडमनी स्वतः फाटकापाशी येऊन मला पेपर दाखवला, जिथे मी त्यांना इतका त्रास दिला होता त्याच फाटकापाशी. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, अंकल, जाने दीजिए, आणि मग जरा थांबून म्हणाल्या की ते पाचवं पान मी ठेवून घेतलंय, ते अक्षर मला अजून म्हणता येत नाही. जुई केतकीसोबत पहिलीत गेली. मयूरने पेढे आणले. इंदुमतीबाईंना वेखंडाचा गुण आला असं वाटतं, आणि ते तसंच राहू द्यावं असं आमचं घरात ठरलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुप्रिया सकाळीच माझ्या खोलीत आली. म्हणाली, “बाबा, झालं आता सगळं. बोला तिच्याशी मराठी, हवं तेवढं बोला.” तिचाही चेहरा मोकळा झाला होता. आत वासंतीने शिऱ्याला रवा भाजायला घेतला, कोणी न सांगता. मी दाढी केली. हसू नका, पण चार महिन्यांनी कोणीतरी गावाहून परत यावं तसं मला वाटत होतं, आणि आपण नीट दिसावं असं वाटत होतं. मग बाल्कनीत खुर्ची घेतली आणि हाक मारली. जुई, ये गं इकडे. काल केतकीकडे गेली होतीस ना, काय काय केलंत, सांग मला. पहिल्यापासून सांग.

ती धावत आली. तिला सगळं कळलं होतं, शब्द अन् शब्द. माझ्या शेजारी चढून बसली, पाय हलवले आणि सांगायला तोंड उघडलं. “मी ना,” म्हणाली. “मी ना… केतकीच्या घरी…” आणि थांबली. तिला झोपाळा म्हणायचं होतं. हाताने हलवून दाखवलं, पण शब्द येईना. मी सांगणार होतो, पण मला वाटलं, आठवू दे तिचं तिला. तिने बराच वेळ शोधला. मग तिला माझीच काळजी वाटली असावी. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्या माणसांशी बोलायची शाळेने लावलेली छान रीत पाळून विचारलं,

“दादाजी, हिंदी में बताऊँ? आप समझ जाएँगे ना?”

घरात मला ‘तू’ म्हणणारी आई होती, थोरला भाऊ होता. दोघंही गेले. मयूर मला तुम्ही म्हणतो, वासंतीने चाळीस वर्षं अहोवर काढली. ही एक होती. मी हे कधी मोजलं नव्हतं. त्या क्षणी, त्या बाल्कनीत, मोजून झालं. वासंती शिऱ्याची वाटी घेऊन दारात आली होती. तिने ऐकलं, वाटी खिडकीत ठेवली आणि आत गेली.

पोर उत्तराची वाट बघत होती.

“हाँ बेटा,” मी म्हणालो, “बताइए.”

ती खुलली आणि भराभर सांगायला लागली. झूला केवढा उंच गेला, केतकीच्या मम्मीने काय खायला दिलं, कोण पडलं आणि कोण हसलं. मी तिच्याकडे बघत ऐकत होतो, आणि मला सगळं समजत होतं.